ऐकलं आणि सोडलं

सकाळी त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेला विनोद मी त्यांना संध्याकाळी सांगितला, तेव्हा ते मनापासून हसले. मग विचारलं, "हा कुठे ऐकलास?"

विनोद एका मंत्र्यांचा होता. दिल्लीतल्या एका सभागृहात साखर कारखान्यांवर चर्चासत्र होतं. मंत्री मराठीत बोलत होते आणि श्रोत्यांत निम्मे उत्तरेकडचे होते. मी बातमीसाठी मागच्या रांगेत बसलो होतो आणि मराठी समजत असूनही कानाला हेडफोन लावून हिंदी ऐकत होतो, कारण हिंदीतला आवाज माझ्या घरमालकांचा होता. विनोद उसाच्या मोळीवर होता. मराठीत बेताचाच होता, हिंदीत बरा झाला. सभागृह हसलं, मंत्री खूष झाले. संध्याकाळी घरी मी तो जसाच्या तसा सांगितला आणि ते नव्याने ऐकल्यासारखे हसले, तेव्हा मला वाटलं की ते माझी थट्टा करताहेत. ते थट्टा करत नव्हते हे कळायला बरेच महिने लागले. खात्री आजही पूर्ण नाही.

ते दुभाषे होते. मराठी, हिंदी, इंग्रजी, कशातूनही कशात. सभागृहाच्या मागच्या भिंतीला लागून काचेची एक लहान खोली असते, तिला ते बूथ म्हणत. आत दोन खुर्च्या, दोन माइक, पाण्याचा जग. समोरचा बोलत असतानाच त्याचं बोलणं दुसऱ्या भाषेत बोलत राहायचं, त्याच्या अर्धं वाक्य मागून, न थांबता. हे काम डोकं इतकं शिणवतं की दुभाषे जोडीने बसतात आणि थोड्या थोड्या वेळाने माइक एकमेकांकडे देतात. ते मात्र जोडीदाराला चहाला पाठवून एकटेच बसून राहत. दमत कसे नाही, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "बोलण्याने कोणी दमत नाही. ठेवण्याने दमतात. मी ठेवत नाही."

मी तेव्हा एका मराठी दैनिकाच्या दिल्ली कार्यालयात होतो. पटपडगंजच्या एका सोसायटीत त्यांचं तीन खोल्यांचं घर होतं, त्यातली बाल्कनीची खोली त्यांनी मला भाड्याने दिली होती. ते पन्नाशी ओलांडलेले, एकटे. लग्न केलंच नव्हतं की करून मोडलं होतं, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना आठवलं असतं का, अशी आता शंका येते. दुसऱ्या खोलीत त्यांची आई राहत.

त्यांचं ऐकणं असं असे की बोलणारा अवघडून जाई. ते डोळ्यांत बघत नसत, हनुवटीकडे बघत. स्वयंपाकघरात मिक्सर चालू असेल तर जाऊन बंद करत, परत येऊन बसत आणि म्हणत, "हं, बोल." राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात गिझर चालत नाही एवढं सांगायला मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी टीव्ही बंद केला, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि जबानी घ्यावी तसं सगळं ऐकून घेतलं. इतकं नीट मला कोणी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आज इलेक्ट्रिशियन येणार. आला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा टीव्ही बंद केला, पुन्हा खुर्ची वळवली आणि तितक्याच मन लावून, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलं. शेवटी इलेक्ट्रिशियन त्यांच्या आईने बोलावला.

त्यांची आई सांगलीकडच्या एका शाळेत मुख्याध्यापिका होत्या. तिकडे सगळे त्यांना बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणावं, असं त्यांनी मला पहिल्या दिवशी बजावलं होतं. मला त्या पेपरवाले म्हणत.

"पेपरवाले, काही काम असेल तर मला सांगा," त्या म्हणाल्या. "त्याला सांगणं म्हणजे विहिरीत ओरडणं. आवाज घुमतो छान. हाती काही येत नाही."

मेट्रोत घोषणा झाली की घरमालकांचे ओठ हलत. जवळ उभं राहिलं तर ऐकू येई, "पुढचं स्थानक यमुना बँक. दारं डावीकडे उघडतील." शेजारी उभी असलेली एखादी बाई पर्स छातीशी धरून दोन पावलं सरके. त्यांना त्याचा पत्ता नसे.

सोसायटीत पार्किंगवरून एका शेजाऱ्याने त्यांना खाली सगळ्यांसमोर फार बोलून घेतलं. त्यांनी ते सगळं हनुवटीकडे बघत ऐकलं, मध्ये एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच शेजाऱ्याकडे जाऊन म्हणाले, गाडी सुरू होत नाहीये, जरा धक्का देता का. शेजाऱ्याला हा अपमानाचा नवीन प्रकार वाटला. त्याने धक्का दिला, पण पुढे कित्येक दिवस तो माझ्याकडे चौकशी करत होता की साहबच्या मनात नेमकं काय आहे. मनात काही नाही, असं मी सांगितलं. त्यावर त्याचा विश्वास बसला नाही. माझाही पूर्ण नव्हता.

मला त्यांचा उपयोग होईल असं सुरुवातीला वाटलं होतं, हेही नोंदवायला हवं. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या राज्याच्या अतिथिगृहात एकदा बंद दाराआड बैठक झाली आणि दुभाषे म्हणून आत तेच होते. आम्ही बातमीदार बाहेर हिरवळीवर. घरी आल्यावर मी विचारलं, काय ठरलं. ते म्हणाले, फार लांबली. कोण कोण बोललं, असं विचारलं. म्हणाले, बरेच जण बोलले. मी याला व्यवसायाची शिस्त समजलो आणि मनातल्या मनात त्यांना मान दिला. राखायला त्यांच्यापाशी काही नव्हतंच, हे मला नंतर विनोदाच्या प्रसंगाने कळलं.

गुडगावच्या एका हॉटेलात मनःशांतीचं शिबिर होतं. परदेशातून आलेले एक गृहस्थ इंग्रजीत बोलत होते, कंपन्यांमधले लोक डोळे मिटून हेडफोनवर हिंदी ऐकत होते. विषय असा की जागं राहा, पण धरून ठेवू नका. सत्र संपल्यावर ओल्या डोळ्यांच्या दोन बायका त्या गृहस्थांना ओलांडून थेट बूथपाशी आल्या आणि यांच्या पाया पडू लागल्या. तुमचे गुरू कोण, असं विचारू लागल्या. ते गोंधळून म्हणाले, "मैडम, मैं तो बस हिंदी पर था." त्या बायकांना हे उत्तर फारच मोठं वाटलं. घरी येऊन त्यांनी मला विचारलं, "आज विषय काय होता रे? लोक रडत होते."

त्या दिवशी मी त्यांना सरळ विचारलं की हे जमतं कसं. त्यांनी बराच विचार करून उत्तर दिलं. बूथमध्ये नवीन मुलगा आला की पहिली चूक एकच करतो, म्हणाले. एखादं वाक्य त्याला आवडतं, किंवा कळत नाही, आणि तो ते धरून बसतो. तेवढ्यात पुढची तीन निघून गेलेली असतात. "लक्ष वेगळं, पकड वेगळी. पकड आली की लक्ष गेलं. पूर्ण ऐकायचं, पुढे द्यायचं, आणि हात मोकळे."

माझ्या धंद्यात ऐकलेलं न ठेवणं हा गुन्हा आहे. त्यामुळे मला ते कधी फार मोकळे वाटत आणि कधी नुसते बेफिकीर. दोन्हींत फरक काय, हे मी त्या घरात राहून शोधत होतो आणि मला सापडत नव्हतं.

रविवारी त्यांची धाकटी बहीण येई. ती गुडगावला राहायची आणि मानेसरच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात मनुष्यबळ विभागात मोठ्या पदावर होती. वडील गेल्यावर बाई सांगलीला एकट्याच राहीन म्हणत होत्या. बहिणीने एका सुट्टीत जाऊन सामान बांधलं, घर दुसऱ्यांना राहायला दिलं आणि आईला दिल्लीला आणलं. तिला आईला स्वतःकडेच ठेवायचं होतं. बाई विमानतळावरून मुलाकडे गेल्या आणि तिथेच राहिल्या. "कुंडी उचलावी तशी उचलली मला," त्या म्हणत. "कुंडीला विचारतात का?" तेव्हापासून त्या मुलीशी बोलत नसत.

म्हणजे थेट बोलत नसत. ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. तिघं एकाच टेबलाशी बसलेली, भाषा तिघांची एकच, आणि मध्ये ते बसून एकीचं दुसरीला सांगताहेत.

"तिला विचार, डब्यात काय आणलंय," बाई म्हणाल्या.

"डब्यात काय आणलंयस?" ते म्हणाले.

"भरली वांगी. म्हणावं, कूट घातलंय, तिला आवडतं तसं."

"भरली वांगी. कूट घातलंय, तुला आवडतं तसं."

"आवडायचं म्हणावं. सांगलीला. इथल्या वांग्यात नुसत्या बिया."

तेही त्यांनी तसंच दिलं, बियांसकट. ते काही गाळत नसत आणि काही मऊ करत नसत. बाई एखाद्या दिवशी फार लागेल असं बोलत. ते तितकंच लागेल असं, पण शांत आवाजात, बहिणीकडे पोचवत. मग तिचं उत्तर आईकडे. एकदा जेवणं झाल्यावर भांडी घासताना बहिणीने त्यांना विचारलं, "दादा, हे असलं मला ऐकवताना तुला काहीच वाटत नाही?"

"बोलताना वाटतं," ते म्हणाले. "नंतर नसतं."

"तुझं बरंय यार," ती म्हणाली. "आम्हाला नंतरच असतं."

ही व्यवस्था चालत होती, हे मात्र खरं. त्या दोघी एकमेकींना सगळं सांगत होत्या आणि मधल्या माणसात काही साचत नव्हतं. ते नसते तर दोघींना कधीतरी समोरासमोर बोलावं लागलं असतं आणि भांडण मिटलं असतं, असंही मला वाटे. ते नसते तर बहीण येणंच बंद झालं असतं, असंही वाटे. बहीण जाताना दारात आईकडे बघून थोडी थांबे. बाई टीव्हीकडे बघत. पुढच्या रविवारी ती पुन्हा डबा घेऊन येई.

दिवाळीनंतर दिल्लीची हवा बिघडते. त्या वर्षी बाईंच्या छातीत कफ झाला, ताप चढला आणि आम्ही त्यांना जवळच्या रुग्णालयात नेलं. अतिदक्षता विभागात ठेवलं. बाईंना हिंदी भाजीवाल्यापुरती येत असे. तापात तीही गेली. तरुण डॉक्टर बिहारकडचे होते, त्यांना मराठी कळत नव्हती. आत एकाच नातेवाइकाला सोडत. घरमालक आत गेले, मी दाराबाहेर राहिलो. दाराला वरच्या बाजूला काच होती.

मला काचेतून दिसत होतं. डॉक्टर विचारत होते, बाई उत्तर देत होत्या. बाई प्रश्नाचं उत्तर नेहमी पूर्ण वाक्यात देत, तापातही देत होत्या. बाईंचे ओठ हलत आणि अर्ध्या वाक्यामागून मुलाचे. हात मागे बांधून ते पलंगाशी उभे होते. चेहरा बूथमध्ये असतो तसाच. बराच वेळ हे चाललं. तेवढ्यात बहिणीचा मला फोन आला. ती मानेसरहून निघाली होती आणि महामार्गावर अडकली होती. पुढे कुठेतरी ट्रक उलटला होता आणि गाड्या हलत नव्हत्या.

"आई बोलतेय का?" तिने विचारलं.

बोलताहेत, असं मी सांगितलं. ते खरं होतं. मला एकदा ऐकव, ती म्हणाली. आत फोन नेऊ देत नव्हते. तेही मी सांगितलं.

ती पोचली तेव्हा बाईंच्या घशात नळी होती आणि औषधाने त्यांना झोपवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई गेल्या.

रुग्णालयाच्या जिन्यापाशी बाकं होती. तिथे बसून बहिणीने त्यांना विचारलं की शुद्धीवर असताना आई माझ्याबद्दल काही म्हणाली का. आई बरंच बोलली, असं ते म्हणाले.

"काय बोलली?"

"मला माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"मी डॉक्टरांना सांगत होतो गं. ती बोलत होती, मी सांगत होतो."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. माझ्याकडे काचेपलीकडचे हलणारे ओठ होते, दुसरं काही नव्हतं. ती पुन्हा त्यांच्याकडे वळली.

"वाईट बोलली असेल तर वाईट सांग," ती म्हणाली. "इतकी वर्षं सांगत होतासच ना. आजच दया का?"

त्यांच्याकडे बोलायला काही नव्हतं. पण समोरून बघणाऱ्याला ते लपवल्यासारखंच दिसत होतं. मला ते ओळखता येत होतं म्हणून मी तिला पटवायचा प्रयत्न केला. मंत्र्यांच्या विनोदाचीही गोष्ट सांगितली. आपली आई गेल्याच्या दिवशी कोणी तरी आपल्याला विनोदाची गोष्ट सांगतोय, याकडे ती काही वेळ नुसती बघत राहिली. दिवसकार्य झाल्यावर तिने येणं बंद केलं. फोन घेत नव्हती.

आणि मग त्यांना गोष्टी आठवू लागल्या.

आईचं बोलणं आठवावं म्हणून ते बसत. बाईंच्या खोलीत बसत, बाल्कनीत उभे राहत, कानाला नुसतेच हेडफोन लावून डोळे मिटून बसत. आईचं एक वाक्य येत नव्हतं. पण ठेवायचा प्रयत्न सुरू झाल्यावर ठेवणं कुठे थांबवावं हे त्यांना कळेना. बूथमधलं सगळं घरी येऊ लागलं. जेवताना ते ठिबक सिंचनाच्या अनुदानावर कोण्या सचिवाने केलेलं भाषण अर्धं म्हणून दाखवत आणि हे मला कशाला आठवतंय, असं विचारत. पार्किंगवाल्या शेजाऱ्याचे शब्दही त्यांना आठवले, इतक्या दिवसांनी, आणि तो भेटू नये म्हणून ते दोन दिवस जिन्याने न जाता लिफ्टने गेले. बूथमध्ये वाक्यं सुटू लागली. जोडीदाराने मध्येच माइक घेतला, हे त्यांनीच मला सांगितलं.

"मला वाटायचं की मी सोडतो," ते म्हणाले. "मी सोडत नव्हतोच बहुतेक. मी धरतच नव्हतो. धरलं नाही तर सोडलं कसं म्हणायचं?"

मी म्हणालो, मला कळलं नाही. मलाही नाही, ते म्हणाले.

डॉक्टरांकडे जाण्याची कल्पना माझी होती. ती बातमीदाराची सवय. एका माणसाकडे माहिती नसेल तर ती ज्याला दिली त्याला विचारायचं. आईचं सगळं बोलणं त्यांनी हिंदीतून त्या डॉक्टरांना दिलं होतं. ते कुठे असलंच तर तिथे असणार. आपल्या आईचे शब्द आपण स्वतः केलेल्या हिंदीतून परत मागायला जायचं, यात काय वाटण्यासारखं आहे ते मला तेव्हा नीट समजलं नव्हतं. दोन दिवसांनी ते म्हणाले, चल.

डॉक्टर बाह्यरुग्ण विभागाच्या बाहेर चहा पीत उभे होते. त्यांनी यांना लगेच ओळखलं. एवढं स्वच्छ कोणी नातेवाईक सांगत नाही, म्हणाले, म्हणून लक्षात राहिलं. मग आठवून आठवून त्यांनी सांगितलं. बाईंनी दुखतं कुठे ते सांगितलं, पित्ताशयाचं जुनं ऑपरेशन सांगितलं, चष्मा मागितला. डॉक्टरांचं वय विचारलं आणि एवढ्या लहान मुलाला इतका वेळ उभं ठेवतात का, असं म्हणाल्या. डॉक्टर हे सांगताना हसले. घरमालक ऐकत होते. हनुवटीकडे नव्हे, त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"और कुछ?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "एक बात आपने नहीं बताई," ते म्हणाले. "माताजी कुछ बोलीं, और आप रुक गए. मैंने पूछा क्या कह रही हैं. आप बोले, कुछ नहीं, घर की बात है. फिर मैंने भी नहीं पूछा."

ते तिथेच उभे राहिले. डॉक्टर चहा संपवून आत गेले.

परत येताना आम्ही रिक्षा केली नाही, चालत आलो. "जे दिलं ते सगळं त्या मुलाकडे आहे," ते म्हणाले. "चष्म्यासकट. आणि एकच माझ्यासाठी ठेवलं, तर ते गेलं." थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाले, "गेलं नसणार. मी दिलंच नाही ना कोणाला. म्हणजे आत आहे." आणखी थोडं चालल्यावर म्हणाले, "मी हे सगळं उलटं समजत होतो. किंवा बरोबरच समजत होतो, सांगता येत नाही."

त्यांनी बहिणीला निरोप पाठवला की रुग्णालयातलं काही कळलंय, येऊन जा. ती रविवारी आली. डबा आणला नव्हता. खांद्याची पर्स न काढता टेबलाशी बसली. मी उठू लागलो तर त्यांनी मला थांबवलं. "तू बस. डॉक्टर बोलले त्यातलं मी काही गाळलं तर सांग."

त्यांनी सगळं सांगितलं. पित्ताशय, चष्मा, डॉक्टरांचं वय. काही गाळलं नाही. मग म्हणाले, "आणि एक ती बोलली, ते मी डॉक्टरांना दिलं नाही. घरचं आहे म्हणालो. ते माझ्याकडेच असायला पाहिजे. मला सापडत नाहीये."

बहिणीने पर्सचा पट्टा खांद्यावर वर ओढला.

"माझं नाव होतं त्यात?"

"माहीत नाही."

"रागाने बोलली?"

"माहीत नाही गं."

"सांगलीचं काही?"

त्यांनी नाही अशी मान हलवली. मग त्यांनी डोळे मिटले, बूथमध्ये कधी मिटत नसत तसे, आणि हळू म्हणाले, "मी थांबलो तेव्हा ती दाराकडे बघत होती."

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. दाराच्या काचेमागे मी उभा होतो. बाई दाराकडे बघत असतील तर त्या माझ्याकडे बघत होत्या. मला तसं आठवत नव्हतं. तसं नव्हतंच, असंही मी शपथेवर सांगू शकत नव्हतो, कारण मी सगळा वेळ यांचे ओठ बघत होतो. खरं तेवढं सांगायचं तर काहीच सांगता येत नव्हतं.

"हे डॉक्टर म्हणाले?" तिने त्यांना विचारलं.

"नाही."

"दादा, हे तुला आठवलंय, की तू मला देतोयस?"

खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा आवाज येत होता.

"मला कळत नाही," ते म्हणाले.

"चालेल," ती म्हणाली, आणि खांद्याची पर्स काढून बाईंच्या खुर्चीवर ठेवली.